घरच्या मिरचीची पूड: वाळवण्याची आणि दळण्याची साधनं कशी निवडावीत

पिकलेली मिरची थांबत नाही. तोडली की आठवडाभरात तिचं काहीतरी करावंच लागतं, नाहीतर ती देठापाशी मऊ पडते आणि आतून बुरशी धरते. उलट, नीट वाळवून हवाबंद ठेवलेली मिरची दळण्यासाठी महिनोन् महिने थांबू शकते. साधनं निवडताना एवढा एक फरक ध्यानात ठेवला तर निम्मे प्रश्न सुटतात. वाळवण्याचं साधन तुमच्या सगळ्यात मोठ्या तोड्याला पुरेल असं हवं. दळण्याचं साधन महिन्या-दोन महिन्यांच्या गरजेपुरतं असलं तरी भागतं.

नवखी मंडळी बहुधा नेमकं उलटं करतात. भारी वॉटचा ग्राइंडर आधी घरी येतो आणि मिरच्या मात्र वर्तमानपत्रावर पसरलेल्या असतात. ओलसर राहिलेली मिरची कितीही महागड्या यंत्रात घातली तरी तिची पूड होत नाही, पात्याला चिकटलेला गोळा होतो. म्हणून पैसे आधी वाळवण्यावर खर्च करा आणि उरतील ते दळण्यावर.

आधी काटा, मग बाकीचं

पहिली खरेदी म्हणजे १ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा आणि दुसरी म्हणजे तारेच्या टोकाला सेन्सर असलेला थर्मामीटर. दोन्ही वस्तू छोट्या आहेत, पण त्या नसतील तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

हंगामातल्या दोन-तीन तोड्यांचं वजन लिहून ठेवा. त्यातला सगळ्यात जड तोडा हा तुमचा आकडा. हंगामाची एकूण बेरीज इथे कामाची नाही, कारण सगळ्या मिरच्या काही एका दिवशी लाल होत नाहीत.

आता पाण्याचा हिशेब. केयेनसारखी पातळ सालीची मिरची लाल होऊन झाडावरच थोडी सुकायला लागली, की तिच्यात साधारण ७० ते ७५ टक्के पाणी असतं. हालापेन्यो किंवा पोब्लानोसारख्या जाड गराच्या मिरचीत ते ९० टक्क्यांपर्यंत जातं. साठवायच्या मिरचीत १० टक्क्यांच्या आसपासच पाणी राहायला हवं. म्हणजे ७५ टक्के पाणी असलेल्या १ किलो मिरचीतून सुमारे ७२० ग्रॅम पाणी काढायचं आणि हाती २८० ग्रॅम वाळलेली मिरची येणार. ९० टक्के पाणी असेल तर ८९० ग्रॅम पाणी काढूनही हाती येतात जेमतेम ११० ग्रॅम. देठ आणि बिया काढल्या तर त्याहून कमी. जाड गराची मिरची लावणाऱ्यांना हा आकडा पहिल्या वर्षी फार निराश करतो, तेव्हा तो आधीच माहीत असलेला बरा.

तोडा लहान असेल तर दोन-तीन तोडे साठवून एकदम वाळवता येतात. कोरड्या मिरच्या कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवल्या की आठवडाभर टिकतात. त्याहून जास्त थांबायचं असेल तर सरळ फ्रीजरमध्ये टाका. गोठवल्याने पेशींच्या भिंती फुटतात, त्यामुळे मिरची वितळल्यावर लुळी पडते, पण नंतर वाळते मात्र लवकर. तिची पूडच करायची असल्याने रूप गेल्याचं दुःख नको. फक्त वितळताना खाली ट्रे ठेवा, लालसर पाणी सुटतं.

वाळवायला काय वापरावं

ऊन फुकट आहे, पण ते प्रत्येकाला साथ देतंच असं नाही. उघड्यावर वाळवायचं तर दिवसाचं तापमान किमान ३० अंश सेल्सिअस, हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आणि थोडा वारा, हे तिन्ही सलग काही दिवस मिळायला हवं. यातलं एक जरी नसेल तर उन्हावर विसंबू नका. साधन म्हणून एक लाकडी चौकट पुरे. तिच्यावर अन्नासाठी चालणारी नायलॉनची किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी ताणून बसवा आणि ती जमिनीपासून फूट-दोन फूट उंच ठेवा, म्हणजे हवा खालूनही खेळते. वरून दुसरी बारीक जाळी टाका, माश्या बसत नाहीत. जस्ताचा मुलामा दिलेली तारेची जाळी टाळा. संध्याकाळी दव पडण्याआधी मिरच्या आत घ्या. दिवसा वाळलेली मिरची रात्री सादळली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते, आणि बुरशी नेमकी याच आवर्तनात धरते. चिरलेली मिरची तीन ते सहा दिवस घेते, अख्खी आठ ते पंधरा. कडक उन्हात थेट वाळवलेल्या मिरचीचा लाल रंग काही प्रमाणात उडतो आणि कुठे कुठे पांढुरके डाग पडतात. लाल रंग देणारी रंगद्रव्यं प्रकाश आणि ऑक्सिजन दोन्हींनी झिजतात, हे त्याचं कारण.

सोलर पेटी हा उन्हाचा सुधारलेला अवतार. काळ्या रंगाची पेटी, वर काच किंवा पॉलिकार्बोनेट, खालच्या बाजूला हवा आत येण्यासाठी भोकं आणि वर मागच्या बाजूला बाहेर पडण्यासाठी. ही वरची भोकं पुरेशी मोठी नसतील तर पेटी तापते खरी, पण ओल आतच कोंडते आणि काचेवर थेंब जमतात. घरी बनवलेल्या पेट्यांचं सगळ्यात जास्त फसतं ते इथेच. काच धुरकट झाली की समजा, बाहेर जायची वाट मोठी करायला हवी. पेटीत ४५ ते ६० अंश तापमान राहिलं तर काम छान होतं. हवा वेगळ्या काळ्या पत्र्याखाली तापवून ती मिरच्यांपर्यंत नेणारी, म्हणजे मिरची सावलीत ठेवणारी रचना रंगासाठी जास्त चांगली. सर्व भोकांना जाळी लावायला विसरू नका.

घरात ओव्हन असेल तर त्याची सगळ्यात खालची पायरी किती अंशांची आहे ते आधी बघा. पुष्कळ ओव्हन ८० अंशांखाली उतरतच नाहीत, आणि ८० अंशांना मिरची वाळण्याआधी तपकिरी व्हायला लागते. दार ५-७ सेंटिमीटर उघडं ठेवून, आत पंखा असेल तर तो चालू करून आणि थर्मामीटरचा सेन्सर ट्रेजवळ ठेवून ६० अंशांच्या आसपास राहता येतं का ते तपासा. येत असेल तर वर्षातून दोनदा वाळवणाऱ्याला तेवढं पुरेल. मात्र उघड्या दारातून बाहेर पडणारी खाट, म्हणजे मिरचीची ठसका आणणारी तिखट वाफ, घरभर पसरते आणि वीजही जास्त जळते.

एअर फ्रायरमध्ये वाळवण्याची सोय असली तरी जागा इतकी कमी असते, की मूठ-दोन मुठीच मावतात. शिवाय पंखा जोरात असल्याने हलके झालेले तुकडे उडून कॉइलपर्यंत जातात आणि जळतात. वापरायचाच तर वरून जाळी ठेवा. मायक्रोवेव्हचा विचार सोडून द्या. त्यात मिरची एका जागी करपते, दुसऱ्या जागी ओली राहते, आणि दार उघडताच डोळ्यांत जाते.

डिहायड्रेटर घेताना

दर हंगामात काही किलो मिरची निघणार असेल तर आमचा कौल डिहायड्रेटरला, म्हणजे गरम हवा खेळवून पदार्थ वाळवणाऱ्या विजेच्या यंत्राला. पंखा आणि नेमकं तापमान, एवढ्याच दोन गोष्टींचे पैसे तुम्ही देता, म्हणून तपासायच्याही त्याच.

पहिला प्रश्न हवेच्या दिशेचा. एकावर एक गोल ट्रे रचलेल्या यंत्रात पंखा तळाशी किंवा झाकणात असतो आणि हवा उभी वाहते. ही यंत्रं आटोपशीर असतात, पण पंख्याजवळचा ट्रे आधी वाळतो आणि दूरचा मागे राहतो. दर दोन-तीन तासांनी ट्रेंची अदलाबदल करावी लागते. पंखा तळाशी असेल तर सुटलेल्या बिया थेट मोटरवर पडतात, हा आणखी एक त्रास. कपाटासारख्या यंत्रात पंखा मागच्या भिंतीत असतो आणि हवा आडवी, प्रत्येक ट्रेवरून सारखी जाते. जाड मिरचीसाठी मधले एक-दोन ट्रे काढून जागाही वाढवता येते. मिरचीपुरतं बोलायचं तर हा दुसरा प्रकार सरस. तोडा किलोभराच्या आत असेल तर मात्र गोल ट्रेचं यंत्र घ्यायला काहीच हरकत नाही. पंखाच नसलेलं, नुसतं तळाशी कॉइल असलेलं यंत्र कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. ओल बाहेर काढणारा वाराच तिथे नसतो.

दुसरा प्रश्न तापमानाचा. ३५ ते ७० अंशांच्या दरम्यान पाच-पाच अंशांनी बदलता येईल असा थर्मोस्टॅट हवा. फक्त चालू-बंदचं बटण असलेलं यंत्र नको. आणि आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी पहिल्या दिवशीच परीक्षा घ्या. यंत्र रिकामं ५५ अंशांवर अर्धा तास चालवा आणि सेन्सर वरच्या, मधल्या आणि खालच्या ट्रेवर पाळीपाळीने ठेवून बघा. पाच अंशांचा फरक सर्रास आढळतो. तो एका चिठ्ठीवर लिहून यंत्रालाच चिकटवून टाका. दहा अंशांहून जास्त फरक असेल तर यंत्र परत करा.

आता क्षमता. ३० बाय ३० सेंटिमीटरच्या एका ट्रेवर उभी चिरलेली मिरची एका थरात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम मावते. सहा ट्रेंवर अडीच ते तीन किलो, म्हणजे जवळपास २ किलो पाणी काढायचं. १ किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६५ युनिट वीज लागतेच. घरगुती यंत्रातून उष्णता वाया जाते म्हणून दुप्पट ते तिप्पट धरा, तर २ किलो पाण्याला ३ ते ४ युनिट होतात. हे काम १० तासांत उरकायचं असेल तर सरासरी ३०० ते ४०० वॉट लागतील. म्हणून सहा चौकोनी ट्रेंसाठी ४०० ते ६०० वॉटचं यंत्र योग्य. २५० वॉटच्या यंत्राला दहा ट्रे जोडता येतात असं खोक्यावर लिहिलेलं असलं, तरी ते सगळे ट्रे ओल्या मिरचीने भरले तर पहिल्या रात्रीत तापमान चढतच नाही. ३५-४० अंशांच्या कोमट ओलसर हवेत मिरची तासन् तास पडून राहणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

ट्रे स्टीलचे मिळाले तर उत्तम. प्लास्टिकच्या ट्रेला मिरचीचा रंग आणि तिखटपणा असा चिकटतो, की पुढे त्याच ट्रेवर फळं वाळवली तर ती तिखट लागतात. प्लास्टिकच घेत असाल तर एक-दोन ट्रे मिरचीसाठी वेगळे काढा. टायमर हवाच, कारण कामाचा शेवट बहुधा रात्री येतो. आणि यंत्र ठेवायची जागा आधी ठरवा: छताखाली, पण घराबाहेर किंवा बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्याजवळ. पहिले तीन-चार तास निघणारी खाट स्वयंपाकघरात सोसवत नाही.

वाळवायचं कसं

तोडा निवडून घ्या. डागाळलेली, मऊ पडलेली, देठाशी काळी झालेली मिरची बाजूला काढा. हिरवट मिरची लाल मिरच्यांत मिसळली तर पुडीचा रंग मातकट होतो, तिला दोन-चार दिवस घरात पिकू द्या. मिरच्या देठासकट धुवा, म्हणजे पाणी आत शिरत नाही. कपड्याने पुसा, मग देठ काढा.

हातमोजे नायट्राइलचे घ्या, पातळ आणि अंगासरशी बसणारे. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन मुख्यतः बिया जिथे चिकटलेल्या असतात त्या पांढुरक्या शिरेत असतं. चिरताना तीच फाटते. ते तेलात विरघळतं, पाण्यात जवळपास नाहीच. म्हणून हाताला लागलंच तर आधी थोडं तेल चोळून पुसा आणि मग भांड्याच्या साबणाने धुवा.

पातळ सालीच्या मिरचीला देठापासून टोकापर्यंत एक चीर पुरते. जाड गराची मिरची उभी दोन भागांत कापा किंवा अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या करा. अख्खी वाळवायचा मोह आवरा. तिची साल मेणचट असते आणि पाण्याला बाहेर यायला वाट देत नाही. वरून कडकडीत वाळलेली दिसते, पण मोडून बघा: आत बियांभोवती राखाडी-पांढरा बुरशीचा कापूस सापडतो. बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. अशी एक मिरची दळणात गेली तर सगळी पूड बिघडली. वाळणाऱ्या मिरचीवर येणाऱ्या काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात, आणि ते नंतर तापवल्याने किंवा दळल्याने जात नाही. त्यामुळे बुरशी दिसलेली मिरची पुसून, खरवडून वापरण्याचा प्रश्नच नाही. ती फेकायची.

कापलेली बाजू वर ठेवून एका थरात मांडा आणि तुकड्यांमध्ये बोटभर जागा सोडा. तापमान ५५ ते ६० अंश. घाईने ७०च्या वर नेलं तर दोन गोष्टी बिघडतात. साखर आणि प्रथिनांच्या क्रियेने मिरची तपकिरी होते आणि पुडीला करपट वास येतो. शिवाय साल आधी कडक होऊन आतलं पाणी अडतं. पातळ, चिरलेली मिरची ८ ते १२ तासांत होते, जाड गराची १२ ते १८ घेते. हे आकडे दमट दिवसांत सहज वाढतात.

झालं की नाही हे घड्याळावरून ठरवू नका, काट्यावरून ठरवा. एका ट्रेचं रिकामं वजन आणि मिरचीसकट वजन सुरुवातीलाच लिहा. शेवटाकडे दोन-दोन तासांनी तोच ट्रे तोला. सलग दोनदा वजन जवळपास तेवढंच आलं म्हणजे पाणी जायचं थांबलं. मग हाताची परीक्षा. थंड झालेला तुकडा वाकवला की तुटायला हवा. गरम असताना पूर्ण वाळलेली मिरचीसुद्धा लवचीक वाटते, म्हणून पाच मिनिटं थांबून मगच बघा. वाकली आणि तुटली नाही, तर ती वातड आहे, परत आत जाऊ द्या.

यानंतर एक पायरी बरेच जण गाळतात. सगळे तुकडे थंड करून काचेच्या बरणीत दोन तृतीयांशापर्यंत भरा, झाकण लावा आणि पाच-सहा दिवस रोज एकदा हलवा. जाड तुकड्यांतली उरलीसुरली ओल सगळीकडे सारखी पसरते. काचेवर आतून धुकं दिसलं किंवा तुकडे एकमेकांना चिकटले, तर सगळी बरणी पुन्हा दोन-तीन तास डिहायड्रेटरमध्ये. काहीच दिसलं नाही तर मिरची आता दळायला मोकळी आहे, आणि घाईही नाही.

दळायला काय घ्यावं

न दळलेली वाळकी मिरची पुडीपेक्षा रंग आणि वास जास्त दिवस धरून ठेवते. पुडीत प्रत्येक कणाला हवा लागते. म्हणून एका वेळी दोन महिन्यांपुरतं, फार तर १०० ते २०० ग्रॅम दळा. हे पटलं की किलोकिलोने दळणाऱ्या यंत्राची गरज आपोआप संपते.

घरातला मिक्सर असेल तर सुरुवात तिथूनच करा. ५०० ते ७५० वॉटची मोटर आणि ४०० मिलिलिटरच्या आसपासचं स्टीलचं छोटं भांडं या कामाला पुरतं. भांडं निम्म्याहून जास्त भरायचं नाही. पात्याखाली फार मोकळी जागा असलेलं भांडं पूड बारीक करत नाही, नुसतं तिला फिरवत राहतं. पारदर्शक प्लास्टिकचं भांडं ओरखडून धुरकट होतं आणि लाल डाग कायमचे राहतात. शक्य असेल तर मिरचीसाठी वेगळं भांडं आणि वेगळं झाकणाचं रबर ठेवा, कारण वास खरा धरून ठेवतं ते रबर. मोटर मध्येच बंद पडली तर बिघडली असं समजू नका. तापल्यावर तुटणारं संरक्षणाचं बटण बहुधा तळाशी असतं. पंधरा मिनिटं थांबा, मग ते दाबा.

कॉफीसाठीचा पात्याचा छोटा ग्राइंडर, १५० ते २०० वॉटचा, २०-३० ग्रॅम मिरचीला छान. वाटी सुटी निघते असाच घ्या. वाटी मोटरला जोडलेली असेल तर ती धुता येत नाही, आणि अशा ग्राइंडरवर पुन्हा कॉफी दळायची हिंमत कोणी करू नये.

बारीक, मैद्यासारखी पूड हवी असेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा पल्व्हरायझर बघा. १०० ते २५० ग्रॅम क्षमतेचा घरासाठी पुरे. त्याची पाती मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे घेतात आणि अर्ध्या-एक मिनिटात काम संपतं. झाकणाला जाड सिलिकॉनचं रबर आणि पिळून बसणारी कडी असल्याने खकाणा बाहेर पडत नाही. तिखट मिरचीच्या बाबतीत हा मोठाच फायदा. झाकण उघडं असताना सुरू न होणारं सुरक्षा बटण आहे ना, ते घेण्याआधी प्रत्यक्ष करून बघा. या यंत्रांना सलग चालवायची मर्यादा असते, बहुधा काही मिनिटांचीच. ती लेबलवर वाचून घ्या आणि त्याच्या निम्म्यावरच थांबा. मोटरच्या आधी पूड तापते, आणि तापलेल्या पुडीतून वास उडून जातो.

हाताने फिरवायची चक्की, म्हणजे दोन दातेरी चकत्यांमध्ये दळणारी, हळू चालते म्हणून तापत नाही. भरड आणि फ्लेक्ससाठी ती उत्तम. पण सालीचे चामट तुकडे तिच्यात अडकतात, तेव्हा मिरची कडकडीत हवी आणि आधी बोटाच्या पेराएवढी मोडलेली हवी. चकत्यांमधलं अंतर कमी-जास्त करणारा स्क्रू पक्का बसतो का, तेही बघा. चकत्या सिरॅमिकच्या असोत की स्टीलच्या, त्या पूर्ण सुट्या करून साफ करता आल्या पाहिजेत. गव्हाची घरगुती चक्की मिरचीसाठी वापरू नये. आतल्या फटींतली पूड कधीच पूर्ण निघत नाही. खलबत्ता मूठभर मिरचीसाठी आजही उत्तम साधन आहे: जड, खोल, दगडी किंवा लोखंडी घ्या. कण सारखे येत नाहीत, पण भरड पुडीला ते चालतं.

हॅबनेरो, भूत जोलोकिया, कॅरोलिना रीपर यांसारख्या अतितिखट जातींसाठी मात्र दळणाचं साधन वेगळंच ठेवा. हिशेब सोपा आहे (स्कोव्हिल हे तिखटपणा मोजण्याचं एकक). १० लाख स्कोव्हिलची १ ग्रॅम पूड रबराखाली राहून गेली आणि पुढच्या २०० ग्रॅम सौम्य मिरचीत मिसळली, तर त्या सगळ्या पुडीचा तिखटपणा ५,००० स्कोव्हिलने वाढतो. म्हणजे जवळजवळ हालापेन्योएवढा, कारण तिची व्याप्ती २,५०० ते ८,००० आहे. एक छोटा स्वस्त ग्राइंडर त्यासाठी राखून ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

दळताना

साठवणीत मिरची थोडी ओल ओढतेच. दळायच्या आधी ती ५० ते ५५ अंशांवर अर्धा ते एक तास पुन्हा तापवा आणि झाकणबंद बरणीत पूर्ण थंड होऊ द्या. उघड्यावर थंड केली तर दमट दिवसात तासाभरात परत वातड होते. गरम मिरची थेट दळली तर आतल्या वाफेने पूड गोळा होते. गोळा होण्याची कारणं जवळपास नेहमी हीच दोन असतात, पात्यांची धार क्वचितच.

बिया ठेवायच्या की काढायच्या? बियांनी पूड फिकट, नारिंगी होते, आणि त्यांच्यातल्या तेलामुळे जुन्या पुडीला खवट वास येतो. रंगासाठी दळत असाल तर निम्म्याहून जास्त बिया झाडून टाका. तिखटपणा त्याने फारसा कमी होत नाही, कारण तो शिरेत असतो. देठ आणि टोपी मात्र एकही राहू देऊ नका, त्यांच्याने पूड काडीसारखी आणि कडसर लागते.

एन-९५ मास्क लावा आणि डोळ्यांना सगळीकडून बंद असलेला चष्मा. पंखा बंद, खिडक्या उघड्या, लहान मुलं आणि पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत. १० ते १५ सेकंद चालवा, थांबा, भांडं हलवा, पुन्हा चालवा. भांड्याची बाहेरची बाजू हाताला गरम लागायला लागली की पाच मिनिटं सोडून द्या. शेवटचा फेरा झाल्यावर झाकण लगेच उघडू नका. १० ते १५ मिनिटांत खकाणा खाली बसतो, आणि मग झाकण आपल्यापासून दूर तिरकं धरून उघडा. हा एवढा धीर धरला तर ठसका जवळजवळ लागत नाही.

चाळणी स्टीलची, झाकण आणि तळाची वाटी असलेली घ्या. ३० मेशची चाळणी, म्हणजे साधारण ०.६ मिलिमीटरची भोकं, रोजच्या वापराच्या पुडीला योग्य. एकदम मऊ पूड हवी तर ६० मेश, म्हणजे ०.२५ मिलिमीटर. वर उरलेली कणी पुन्हा दळा. तिसऱ्यांदाही न दळली गेलेली कणी बहुधा बियांची आणि सालीची असते, ती वेगळ्या बाटलीत भरड म्हणून ठेवा. फ्लेक्स हवे असतील तर चाळणीची गरजच नाही, दोन-तीन सेकंदांचे चार-पाच झटके पुरतात.

पूड पूर्ण थंड झाली की लहान काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत हवा कमी राहते. एक बाटली हाताशी अंधाऱ्या कपाटात, बाकीच्या फ्रीजरमध्ये. फ्रीजरमधली बाटली बाहेर काढली की खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर थंड पुडीवर दव जमून ती सादळते. बाटलीवर जात, दळल्याची तारीख आणि बिया आहेत की नाहीत, हे लिहा.

साफसफाई कोरडी सुरू करा. भांडं लगेच पाण्याखाली धरलं तर पूड उडते आणि गरम पाण्याच्या वाफेबरोबर थेट नाकात जाते. आधी मूठभर कोरडे तांदूळ अर्धा मिनिट फिरवून टाकून द्या, ते पूड आणि तेल दोन्ही उचलतात. मग ब्रशने फटी झाडा, तेलाचं बोट लावलेल्या कागदाने पुसा, आणि शेवटी कोमट पाणी आणि साबण. रबर काढून त्याची खाच वेगळी घासा. मोटरचा भाग नुसता ओलसर फडक्याने पुसा. सगळं पूर्ण कोरडं होईपर्यंत झाकण लावून ठेवू नका.